बोर्डाने हाताला १५ टक्के दिले, आता अपील करून उपयोग आहे का?

भांडुपहून एका वहिनींनी विचारलंय. पती मराठा लाइट इन्फंट्रीत एमटी ड्रायव्हर, म्हणजे लष्करी गाड्यांचे चालक, २४ वर्षं सेवा करून ३० जून २०२२ला हवालदार म्हणून निवृत्त. २०१६ साली गाडीतून पेट्या उतरवताना टेल बोर्ड (गाडीची मागची फळी) सुटून उजव्या हातावर आदळला. तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं नखाचं पेर गेलं, उरलेली बोटं नीट वळत नाहीत. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाने दुखापत सेवेमुळे झाल्याचं मान्य केलं, पण अपंगत्व धरलं १५ टक्के, कायमचं. नोव्हेंबर २०२२मध्ये रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं: २० टक्क्यांच्या खाली, सबब देय नाही, मान्य नसल्यास सहा महिन्यांत अपील करा. ते राहून गेलं. आता कल्याणचा एक एजंट ‘५० टक्के करून देतो, थकबाकीतले ३० टक्के माझे’ म्हणतोय. थेट ट्रिब्युनलमध्ये जाऊ का, हा प्रश्न. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: ‘बीपीपण लिहिलंय ३० टक्के, पण ते नामंजूर आहे.’

उपयोग आहे, वहिनी. पण ज्या दाराशी तुम्ही निघालाय ते नंतरचं दार आहे, आणि शेवटच्या ओळीत उरकून टाकलेली गोष्ट फार आधी यायला हवी होती. दोन्हींकडे येतो.

मी पंधरा वर्षं नौदलात रायटर होतो, म्हणजे फायली लिहिणारा खलाशी. बाहेर आल्यावर वकिली केली. आता बहुतेक दिवस मलबार हिलला, सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जातात. आपण सगळे त्याला ट्रिब्युनल म्हणतो, मीही तेच म्हणेन.

आधी या २० टक्क्यांना एवढं महत्त्व का, ते. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्या जवानाला पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग मिळायचा तर दुखापत सेवेमुळे झालेली किंवा सेवेमुळे वाढलेली हवी, आणि ती २० टक्के किंवा वर हवी. पहिली अट तुमची पूर्ण आहे. रक्कम निघते ती अशी: १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराचे ३० टक्के, त्याखाली त्या प्रमाणात. समजा शेवटचा पगार ४५,००० रुपये धरला, तर २० टक्क्यांचे होतात २,७००. पण संरक्षण मंत्रालयाचं ३१ जानेवारी २००१चं पत्र आहे, त्यानुसार ५०च्या खालचं ते ५० धरतात, ५० ते ७५ ते ७५, त्यावरचं १००. फौजेत याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. मुळात ते अपंगत्वामुळे घरी पाठवलेल्यांपुरतंच होतं. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४च्या राम अवतार निकालात मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही ते दिलं. म्हणजे २०चे झाले ५०, आणि २,७००चे ६,७५०. वर महागाई.

एजंटचा ५०चा आकडा इथून आलाय. त्यात त्याची करामत काही नाही, २० झाले की ५० नियमानेच होतात. १५चे ५० मात्र होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने विंग कमांडर राठोर प्रकरणात डिसेंबर २०१९मध्ये हे साफ सांगितलंय: मुळात भागच देय नसेल तर ब्रॉड बँडिंग कशावर करणार? लोक तुम्हाला २०१४चा सुखविंदर सिंग निकाल दाखवतील, ‘२०पेक्षा कमी असलं तरी २० धरा’ म्हणणारा. तो अपंगत्वामुळे सेवेतून काढलेल्यांचा आहे. हवालदारसाहेब आपली मुदत पुरी करून आले, तेव्हा तो तुमच्या फाइलीत लावून पानं वाढवू नका.

आता ट्रिब्युनलचं. तिथे समोर एक न्यायाधीश बसतात आणि एक निवृत्त वरिष्ठ लष्करी अधिकारी. डॉक्टर कुणीच नसतो. दुखापत सेवेमुळे की नाही, नियम नीट लावला की नाही, बोर्डाने कारण दिलंय की नुसता शिक्का मारलाय, हे ते तपासतात. पण ‘१५ चूक, २२ बरोबर’ असं स्वतः सहसा लिहीत नाहीत. बोर्डाच्या आकड्यावर खरोखर शंका आली तर प्रकरण नव्या मेडिकल बोर्डाकडे पाठवतात. म्हणून अपिलात काय मागायचं, तर नवा बोर्ड. पैसे त्याच्या मागून येतात. आणि नवा बोर्ड मिळायचा तर जुन्या बोर्डाने हातात काय पाहिलं नाही ते दाखवावं लागतं. ‘आमचे फार हाल होतात’ हे खरं असलं तरी त्यावर बोर्ड बसत नाही.

तर हात. तुम्ही बोर्डाच्या कागदाचा फोटो पाठवलात त्यात निदानाच्या रकान्यात एवढंच आहे: उजव्या तर्जनी व मध्यमेचं शेवटचं पेर कापलेलं. खाली १५. सांध्यांचे कोन नाहीत, पकडीचं माप नाही, स्पर्शाबद्दल शब्द नाही. हे १५ कुठून आले असतील? कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३च्या कायद्याला एक परिशिष्ट आहे. त्यात तर्जनीचं एक पेर गेलं तर ९ टक्के, मधल्या बोटाचं एक पेर गेलं तर ७. लष्करी बोर्ड त्या परिशिष्टाने बांधलेला नाही, त्यांची मेडिकल ऑफिसरांसाठीची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. पण ९ आणि ७ची बेरीज बघा, म्हणजे विचार कोणत्या वाटेने गेला ते कळतं. पेरं मोजली गेली. त्याच परिशिष्टात दोन बोटं पूर्ण गेली तर २० आहेत. जे बोट जागेवर आहे पण वळत नाही, ज्याच्या टोकाला कळत नाही, ते कामाच्या दृष्टीने गेलेल्या बोटाच्या किती जवळ आहे? तुमचं अपील या एका प्रश्नावर उभं राहील.

त्याचं उत्तर मापाने द्यायचं. चार मापं लागतात. पकड मोजायला जामार नावाचं यंत्र असतं. त्याची मूठ पाच ठिकाणी सरकवता येते, दुसऱ्या ठिकाणी ठेवून दोन्ही हातांनी तीन-तीनदा दाबायचं आणि सरासरी काढायची. अंगठा आणि बोटांची चिमूट मोजायला वेगळं छोटं यंत्र असतं. प्रत्येक सांधा किती वळतो आणि किती सरळ होतो ते गोनिओमीटरने, अंशांत. आणि स्पर्श: दोन टोकं जवळजवळ टेकवून ती दोन म्हणून कळतात का ते बघतात. चांगल्या बोटाच्या टोकाला ६ मिलिमीटरच्या आतलं अंतरही कळतं. बोट कापलेल्या जागी मज्जातंतूची गाठ झाली असेल, थंडीत किंवा एसीत बोट ठणकत असेल, तर तेही डॉक्टरांनी लिहायला हवं. दरवेळी दोन्ही हातांची मापं शेजारी शेजारी. नुसतं ‘उजवी पकड १४ किलो’ म्हटलं तर कुणाला काही बोध होत नाही, ‘उजवी १४, डावी ३६, आणि माणूस उजखोरा’ म्हटलं की कुलूप उघडतं.

एक सांगतो, हवालदारसाहेबांनाही वाचून दाखवा. त्या यंत्रावर मुद्दाम हलकं दाबायचं नाही. पाचही ठिकाणी खरा जोर लावला तर आकडे मध्ये चढतात, कडांना उतरतात. चोरून दाबलं तर सगळीकडे सपाट येतात आणि तपासणारा लगेच ओळखतो. एकदा ते कागदावर आलं की पुढचं काही खरं नाही.

तीनेक वर्षांपूर्वी डॉकयार्डातून निवृत्त झालेला एक खलाशी माझ्याकडे आला होता, साधारण अशाच दुखापतीचा. टेबलावर दहाचं नाणं पडलं होतं. म्हटलं, उचला. तर्जनी आणि मधलं बोट त्याने आधीच वर धरलं, जणू ती ओली आहेत. अनामिकेने नाणं टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत नेलं, खाली डावा तळवा धरला आणि त्यात पाडलं. दोन सेकंदांचं काम. त्याला स्वतःला कळलंही नाही की त्याने उजव्या हाताने नाणं उचललंच नव्हतं. मग डोळे मिटून किल्ली, नाणं आणि नट ओळखायला सांगितलं. अंगठा फिरत राहिला, तर्जनी हवेतच. हातांच्या डॉक्टरांकडे ही चाचणी रीतसर असते, मी काही नवीन शोधलेलं नाही. त्याच्या बोर्डाच्या कागदावर होतं: हाताचं कार्य समाधानकारक.

असं का लिहिलं जातं याचा अर्धा दोष बोर्डाचा असतो, अर्धा आपला. बोर्डासमोर जवान बनियनवर, सावधान. डॉक्टर विचारतात, काही त्रास? आपला माणूस छाती पुढे काढून म्हणतो, ‘सब ठीक है सर!’ वीस वर्षं हेच शिकवलेलं असतं. मूठ करा म्हटलं की दुखलं तरी करून दाखवतो. घरी येऊन मग बायकोकडून शर्टाची बटणं लावून घेतो. तुम्ही लिहिलंय की ते लेसचे बूट वापरत नाहीत, पवईच्या नोकरीत रजिस्टर डाव्या हाताने भरतात, लोकलमध्ये वरची कडी न धरता कोपर खांबात अडकवतात. आणि वरण-भात चमच्याने खातात, कारण घास बोटांत ठरत नाही. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आपल्याकडे भात कालवून त्याचा घास अंगठ्याने पुढे ढकलायचा तर तर्जनी आणि मधल्या बोटाची टोकंच लागतात, तीच गेलीत. हे सगळं एका पानावर लिहा, तारखा घालून, विशेषणं न लावता. पण ते जोडपत्र म्हणून. पुढे मापं, मागे हे पान.

मापं कुठे मिळतील? ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेलच. पॉलिक्लिनिकमधून कुलाब्याच्या आश्विनी या नौदलाच्या रुग्णालयाला किंवा यादीतल्या रुग्णालयाला रेफरल मागा, हाताचं मूल्यमापन एवढंच कारण लिहून. नाहीच जमलं तर केईएम, सायन, जेजे इथे प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. हातावरच्या शस्त्रक्रिया तिथे रोज होतात, शेजारी फिजिओ असतात. सरकारी कागदाला वजन असतं म्हणून सांगतोय. दिव्यांगत्वाचं जे यूडीआयडी प्रमाणपत्र असतं त्यावर लष्करी बोर्ड चालत नाही, ते वेगळ्या कायद्याचं आहे. ते काढू नका असं नाही, पण ‘त्यात ३० आहेत म्हणजे इथेही ३०’ हा युक्तिवाद करू नका. मी सुरुवातीला केला होता, दोन मिनिटांत बसवला मला.

अजून एक कागद आहे ज्याकडे कुणी बघत नाही. दुखापतीनंतर त्यांना लो मेडिकल कॅटेगरी मिळाली असणार, म्हणजे फौजेच्या ‘शेप’ या तंदुरुस्तीच्या वर्गवारीत हातापायांचा ‘ए’ खाली आला असणार. त्या कागदावर कामाची बंधनं लिहिलेली असतात. तुम्ही म्हणता २०१७पासून गाडी काढून घेतली आणि स्टोअरला बसवलं. ते बंधन त्या कागदावर असेल तर अपिलाचा पहिला परिच्छेद तोच. ज्या माणसाला फौजेनेच हातामुळे गाडी चालवू दिली नाही, जे त्याचं मूळ काम, त्याचा हात फौजेच्याच दुसऱ्या कागदावर ८५ टक्के चांगला कसा? माझ्या अनुभवात ट्रिब्युनलसमोर सगळ्यात चांगला चालतो तो हा मुद्दा, कारण याला डॉक्टर असावं लागत नाही.

आता बीपी. बोर्डाने उच्च रक्तदाब ३० टक्के लिहिला आणि पुढे ‘ना सेवेमुळे झालेला, ना सेवेमुळे वाढलेला’. आपले लोक त्याला ‘नाना’ म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून. वहिनी, हे ३० मान्य झाले तर एकट्यानेच ५०च्या पट्ट्यात जातात, आणि हाताचे १५ एकत्रित आकड्यात आपोआप येतात. एकत्रित आकडा साध्या बेरजेने काढत नाहीत, पण चाळिसाच्या आसपास आला तरी पट्टा तोच. आणि ‘नाना’चं भांडण टक्क्यांचं नसून नियमाचं आहे, ट्रिब्युनल ते स्वतः निकाली काढू शकतं. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये सांगितलं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी आला असं धरायचं, नंतर झालेला आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करायचं ओझं सरकारवर, आणि बोर्डाने कारणं द्यायला हवीत. सरकारी वकील म्हणतात तो १९८२च्या नियमांवरचा निकाल, २००८च्या नियमांत ते गृहीतक तसं राहिलेलं नाही. त्यावर वाद होतो, होऊ द्या. तुम्ही फक्त एक शोधून काढा: बीपी पहिल्यांदा निघालं तेव्हा ते कुठे पोस्टिंगला होते? फील्ड, उंचावरचा भाग, बंडखोरीविरोधी मोहीम यांपैकी काही असेल तर अर्धं काम तिथेच झालं. पुण्यात पीस पोस्टिंगला, म्हणजे शांत ठिकाणी, असताना निघालं असेल तर जरा चढ आहे.

म्हणून अपील एकच, पण मागण्या दोन: बीपी सेवेमुळे वाढल्याचं मान्य करा, आणि हातासाठी नवा बोर्ड बसवा. एकावर विसंबून दुसरी सोडू नका.

कागद. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून किंवा ऑनलाइन. मागायचं ते असं: निवृत्तीच्या बोर्डाचा संपूर्ण फॉर्म एएफएमएसएफ-१६, फोटोत आलेलं एक पान नव्हे, दुखापतीचा अहवाल आयएएफवाय-२००६, कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) झाली असेल तर तिचा निष्कर्ष, कॅटेगरीचे सगळे कागद, भरतीच्या वेळची तपासणी. तीस दिवस वाट पाहा. घरच्या ट्रंकेतही बघा, रुग्णालयातून सोडतानाचा कागद बहुधा तिथेच असतो, लग्नाच्या अल्बमखाली.

उशिराचं. सहा महिने गेले म्हणून दार बंद होत नाही. पहिलं अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फतच पाठवा आणि उशिराचं खरं कारण दोन ओळींत लिहा. मंत्रालयाच्याच ७ फेब्रुवारी २००१च्या दुसऱ्या पत्रात एक वाक्य आहे: कायमचं अपंगत्व ठरवलेला निर्णय अंतिम, ‘जवानाने स्वतः फेरतपासणी मागितली नाही तर’. ते वाक्य उद्धृत करा. तुमचा भाग मंजूरच झाला नव्हता म्हणून ते लागू नाही असं कुणी म्हणेल, तरी मागणी कागदावर असू दे. अपील फेटाळलं तर दुसरं अपील. सहा महिने काहीच उत्तर आलं नाही तर ट्रिब्युनल कायद्याच्या कलम २१प्रमाणे तुम्ही उपाय करून पाहिले असं धरतात आणि मूळ अर्ज करता येतो, त्यासाठी पुढचे सहा महिने. उशीर माफ करायचा अधिकार कलम २२मध्ये आहे. पेन्शन दर महिन्याची, म्हणून अन्याय दर महिन्याला नवा, असं तर्सेम सिंग निकाल २००८पासून सांगतो, आणि उशीर सहसा माफ होतो. पण त्याच निकालाने थकबाकी मूळ अर्जाच्या मागे तीन वर्षांपुरती बांधली आहे. निवृत्तीला तीन वर्षं उलटली की पुढचा प्रत्येक महिना तुमच्या खिशातून जातो. तेव्हा मापं आणि माहिती अधिकार एकाच आठवड्यात सुरू करा, एक झाल्यावर दुसरं असं नको.

एजंटला नको म्हणा. तो वकील नसेल तर ट्रिब्युनलमध्ये उभा राहू शकत नाही, आणि वकील असेल तर निकालातल्या रकमेत हिस्सा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अपिलाचा मसुदा फुकट बघून देतात. तिथला कारकून माजी सैनिक असेल तर आणखी चांगलं, त्याला ‘नाना’ समजावून सांगावं लागत नाही.

नवा बोर्ड बसला की पत्र येईल, बहुधा लष्करी रुग्णालयाचं. मूळ कागद आणि मापं घेऊन जा, दोन-दोन प्रती. त्या दिवशी म्हणून खास काही करू नका. रोजचेच बिनलेसचे बूट घालून जाऊ द्या. शर्ट मात्र बटणांचा असावा, आणि तो काढून परत घालायला सांगितलं तर जितका वेळ लागतो तितका लागू द्या. तुम्हाला आत सोडणार नाहीत, बाहेरच्या बाकावर बसावं लागेल. आदल्या रात्री एवढंच पक्कं करून घ्या की ‘काही त्रास?’ विचारल्यावर ते भाताचं सांगतील.